घडले, घडावे आणि घडते तर



भाषांतरित पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकापुढे मूळ पुस्तक नसते. मूळ लेखकाने ‘असे झाले’ म्हटले होते की ‘असे व्हावे’ म्हटले होते, हे त्याला भाषांतरकाराच्या शब्दावरूनच समजते. एखादे विशेषण थोडे फिके उतरले किंवा एखादी म्हण निसटली, तर वाचकाचे फारसे बिघडत नाही. परंतु जे केवळ इच्छिले होते ते घडलेले म्हणून सांगितले गेले, तर वाचकाच्या पदरात सरळसरळ खोटी माहिती पडते, आणि ती खोटी असल्याची शंका येण्याचे साधनही त्याच्याजवळ नसते. इंग्रजीमध्ये हा धोका जेथे सर्वांत अधिक आहे, त्या जागेविषयी आज मी बोलणार आहे. इंग्रजी व्याकरणकार त्या जागेला ‘सब्जंक्टिव्ह मूड’ असे म्हणतात.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ‘हिज वाइफ इन्सिस्ट्स दॅट ही टेक्स द मेडिसिन एव्हरी डे.’ याचा अर्थ, ‘तो रोज औषध घेतो, असे त्याची पत्नी ठामपणे सांगते.’ आता याच वाक्यातील ‘टेक्स’ या शब्दाच्या शेवटचे एक अक्षर काढून टाकू : ‘हिज वाइफ इन्सिस्ट्स दॅट ही टेक द मेडिसिन एव्हरी डे.’ आता अर्थ झाला, ‘त्याने रोज औषध घ्यावे, असा त्याच्या पत्नीचा आग्रह आहे.’ पहिल्या वाक्यातील रोग्याच्या पोटात औषध जात आहे, निदान पत्नीच्या सांगण्याप्रमाणे तरी. दुसऱ्या वाक्यातील रोगी बहुधा औषध टाळतो आहे. एरवी आग्रहाची गरजच काय होती? दोन वाक्यांत फरक एका ‘स’काराचा, पण डॉक्टरने पुढे काय करावयाचे ते त्या ‘स’कारावर अवलंबून आहे.

हा ‘स’ गळाला तो मुद्रकाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. त्याचे तेथे नसणे हीच या क्रियारूपाची खूण आहे. अडचण एवढीच, की जे नाही त्याकडे डोळा सहसा जात नाही.

‘मूड’ हा शब्द आपण मराठीतही वापरतो. पण मनाचा कल या अर्थाच्या त्या ‘मूड’शी व्याकरणातील ‘मूड’चा मुळात संबंध नाही. हा शब्द लॅटिनमधील ‘मोडुस’ म्हणजे ‘रीत’ या शब्दावरून आला. बोलणारा एखादी क्रिया कोणत्या रीतीने आपल्यापुढे ठेवतो, घडलेली वस्तुस्थिती म्हणून, आज्ञा म्हणून, की इच्छा अथवा कल्पना म्हणून, हे त्यावरून कळते. मराठी व्याकरणात यालाच क्रियापदाचा ‘अर्थ’ असे म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या परंपरेतून आलेले चार अर्थ आपण शाळेत शिकलो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो बसतो’ हा स्वार्थ. ‘तू बस’ हा आज्ञार्थ. ‘त्याने बसावे’ हा विध्यर्थ. आणि ‘तो बसता, तर मीही बसलो असतो’ हा संकेतार्थ. मराठीत प्रत्येक अर्थाचे रूप वेगळे आहे आणि ते कानाला लगेच ओळखू येते.

‘सब्जंक्टिव्ह’ या नावाचा उगमही पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे. हा ‘युंगेरे’ आपल्या संस्कृतातील ‘युज्’ धातूचा, म्हणजे ‘योग’ आणि ‘युक्त’ या शब्दांच्या मुळाचा, दूरचा भाऊबंद आहे. मुख्य वाक्याखाली जोडलेल्या गौण वाक्यात हे रूप पुष्कळदा येते, म्हणून त्यास हे नाव मिळाले. तथापि ते मुख्य वाक्यातही येते. म्हणून नावावर फार विसंबू नये. विध्यर्थ, संकेतार्थ आणि आशीर्वादाचा अर्थ या तिन्हींचे थोडे थोडे काम हे एकच इंग्रजी रूप करते. त्याला मराठीत एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट धरला, की गोंधळाला आरंभ होतो.

इंग्रजी भाषेच्या प्राचीन अवस्थेत हे रूप असे लपलेले नव्हते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या अर्थाचे स्वतंत्र प्रत्यय होते. एकवचनाला एक, अनेकवचनाला दुसरा. दुसऱ्याचे बोलणे कळविताना, त्याच्या खरेपणाची हमी आपल्याकडे नाही हे दाखविण्यासाठीही त्या काळी हे रूप वापरीत. जर्मन भाषेत ही पद्धत अजून जिवंत आहे. एखाद्या पुढाऱ्याचे म्हणणे छापताना जर्मन वृत्तपत्र क्रियापदाचे रूप बदलते आणि त्या म्हणण्याची जबाबदारी त्या पुढाऱ्यावरच ठेवते. आपण हेच काम ‘म्हणे’ या एका शब्दाने करतो. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी आहे म्हणे’ या दोहोंतील फरक मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. पुढे इंग्रजीतील शब्दांच्या शेवटचे स्वर झिजत गेले, त्यांच्याबरोबर हे प्रत्ययही गेले, आणि त्यांचे काम ‘मे’, ‘शुड’, ‘वुड’ अशा साहाय्यक क्रियापदांनी उचलले. मागे उरल्या त्या दोन-तीन खुणा : तृतीयपुरुषी एकवचनात ‘स’चा अभाव, ‘इज’च्या जागी ‘बी’, आणि ‘वॉज’च्या जागी ‘वेअर’.

या खुणा आजच्या इंग्रजीत कोठे आढळतात, ते आता क्रमाने पाहू.

पहिली जागा म्हणजे साच्यात बसलेले वाक्प्रचार. ‘लाँग लिव्ह’, ‘कम व्हॉट मे’, ‘बी दॅट ॲज इट मे’, ‘सफाइस इट टु से’ हे त्यांतले काही. येथे मराठी भाषांतरकाराला अडचण नसते, कारण आपल्याकडे यासाठी ‘ओ’कारान्त रूप तयार आहे. ‘चिरायू होवो’, ‘काहीही होवो’, ‘ईश्वर तुमचे कल्याण करो’ ही रूपे आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत.

दुसरी जागा मागणीच्या, सूचनेच्या आणि शिफारशीच्या वाक्यांची. ‘डिमांड’, ‘रेकमेंड’, ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’ अशा क्रियापदांनंतर, अथवा ‘इट इज एसेन्शियल दॅट’ अशा शब्दांनंतर, येणाऱ्या गौण वाक्यात क्रियापद आपल्या मूळ रूपात राहते. मुख्य क्रियापद भूतकाळी असले तरी ते बदलत नाही, आणि नकार दर्शविताना ‘डू’ची मदत घेत नाही : ‘दे रेकमेंडेड दॅट द गेट नॉट बी ओपन्ड’. याचा अर्थ, ‘दरवाजा उघडू नये, अशी त्यांनी शिफारस केली.’ दरवाजा प्रत्यक्षात उघडला गेला की नाही, याविषयी हे वाक्य एक अक्षरही बोलत नाही. चौकशी समित्यांचे अहवाल, वैद्यकीय सूचना आणि सभांची इतिवृत्ते अशा वाक्यांनी भरलेली असतात. अशा पुस्तकाचे भाषांतर करताना शिफारस आणि अंमलबजावणी यांची गल्लत झाली, तर इतिहासच बदलतो.

वास्तविक या जागी मराठी फार संपन्न आहे. ‘तीन दिवसांची रजा मंजूर करण्यात यावी, ही विनंती’ हे वाक्य लिहिले नाही असा मराठी शाळेतील विद्यार्थी विरळा. ‘ठराव संमत करण्यात यावा’, ‘अर्जदाराने स्वतः हजर राहावे’, ‘कृपया शांतता राखावी’ अशी कितीतरी वाक्ये आपल्या कचेऱ्यांत आणि भिंतींवर दिसतात. विध्यर्थ हा आपल्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे.

परंतु या संपन्नतेतच एक खळगा आहे. मराठी विध्यर्थ केवळ कर्तव्य सांगत नाही. तो अंदाजही सांगतो. ‘तो घरी असावा’ या वाक्याचा सहज कळणारा अर्थ ‘तो बहुधा घरी आहे’ असा आहे. आता ‘इट इज एसेन्शियल दॅट ही बी ॲट होम’ या वाक्यातील ‘ही बी ॲट होम’चे भाषांतर कोणी ‘तो घरी असावा’ असे केले, तर आवश्यकता बाजूला राहून तर्कच पुढे येतो. येथे ‘त्याने घरी असणे आवश्यक आहे’ असेच लिहिले पाहिजे. ‘असणे’ या क्रियापदाच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते. जेथे ‘राहावे’, ‘थांबावे’, ‘ठेवावे’ अशी कृतिवाचक क्रियापदे वापरता येतात, तेथे ती वापरणे अधिक सुरक्षित असते.

दुसरी एक गोष्ट. इंग्रजी ‘बी’ किंवा ‘टेक’ या रूपावरून आज्ञा कोणती आणि विनंती कोणती, हे ओळखता येत नाही. ते मुख्य क्रियापद सांगते. मालकाने ‘डिमांड’ केले असेल तर ‘केलेच पाहिजे’. तज्ज्ञाने ‘रेकमेंड’ केले असेल तर ‘करावे’. आणि एखाद्या सामान्य माणसाने ‘रिक्वेस्ट’ केली असेल तर ‘कृपा करून करावे’. सगळीकडे एकच ‘करावे’ ठेवले, तर मूळ लेखातील माणसांचे परस्परांशी असलेले नातेच पुसले जाते.

तिसरी जागा ‘वेअर’ची. ‘इफ आय वेअर यू’ हे वाक्य इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते, आणि ‘आय’बरोबर ‘वॉज’ का नाही, असा प्रश्न प्रत्येकाला पडलेला असतो. उत्तर असे, की हे रूप भूतकाळासारखे दिसत असले तरी ते काळ सांगत नाही. ते वस्तुस्थितीपासूनचे अंतर सांगते. मी म्हणजे तुम्ही नव्हे, कधी होणारही नाही. केवळ बोलण्यापुरती ती कल्पना केली आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तुमच्या जागी मी असतो, तर’.

हा भेद मराठी मुलांना निबंधाच्या तासापासून ठाऊक आहे. ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ आणि ‘मला पंख असते तर’ हे निबंधाचे दोन्ही विषय शाळेतून नेहमी दिले जातात. पहिल्यातील गोष्ट अवघड असली तरी अशक्य नाही, म्हणून ‘झालो तर’. दुसरी निव्वळ कल्पना, म्हणून ‘असते तर’. विषय देताना शिक्षकांनी व्याकरणाचे पुस्तक उघडले नसेल. पण त्यांच्या कानाने बरोबर निवड केली.

येथेच भाषांतरकाराला चकविणारी गोष्ट लपलेली आहे. ‘तो उद्या आला, तर मी त्याला सांगेन’ यातील ‘आला’ हे रूप भूतकाळी आहे, परंतु शक्यता पूर्णपणे मोकळी आहे : येईलही, न येईलही. त्याला इंग्रजीत वर्तमानकाळी रूप लागते, ‘इफ ही कम्स’. उलट इंग्रजीत भूतकाळी रूप वापरून ‘इफ ही केम टुमॉरो’ म्हटले, तर बोलणाऱ्याला तो येईल असे वाटत नाही. म्हणजे भूतकाळी रूप दोन्ही भाषांत आहे, पण मराठीत ते मोकळ्या शक्यतेचे, तर इंग्रजीत दुरावलेल्या शक्यतेचे काम करते. ‘इफ ही केम’चे ‘तो आला तर’ असे शब्दाला शब्द भाषांतर केले, तर मूळ लेखकाचा संशय नाहीसा होतो आणि त्याच्या जागी साधी अट उरते. तो संशय राखण्यासाठी ‘समजा, तो आलाच, तर’ अथवा ‘तो येता, तर’ असे काही योजावे लागते. आणि जेव्हा संधी हुकूनच गेलेली असते, ‘इफ ही हॅड कम’, तेव्हा ‘तो आला असता, तर’.

याच्या उलट बाजूची चूकही आढळते. ‘इफ’ दिसला की पुढे ‘वेअर’ हवेच, असा समज काही सुशिक्षितांत आहे. तो बरोबर नाही. ‘इफ ही वॉज ॲट होम यस्टरडे, ही सॉ द लेटर’ या वाक्यात कल्पना नाही. काल तो घरी होता की नव्हता हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही, एवढेच. ‘काल तो घरी असेल, तर त्याने ते पत्र पाहिले आहे.’ येथे ‘वॉज’ हेच योग्य. अज्ञान आणि अवास्तव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इंग्रजी त्या निराळ्या ठेवते. कधी कधी ‘इफ’ गाळून ‘वेअर ही हियर’ किंवा ‘हॅड आय नोन’ असा उलटा शब्दक्रमही ठेवतात. तो प्रश्न नव्हे, अट आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता कोणी विचारील, की हे सर्व जुन्या इंग्रजीचे अवशेष आहेत. आज त्यांची चिंता कशाला? ही शंका नवी नाही. इंग्रजी शब्दप्रयोगांवरील आपल्या १९२६ सालच्या प्रसिद्ध कोशात एच. डब्ल्यू. फाउलर यांनी, काही मोजके प्रयोग वगळता, हे रूप मरणपंथाला लागले असल्याचे सांगितले होते. परंतु भाषेने निराळाच मार्ग धरला. १९६१ साली छापलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश लेखनाचे सुमारे दहा-दहा लाख शब्दांचे दोन संग्रह अभ्यासासाठी पुढे तयार करण्यात आले. त्यांच्या तुलनेत असे दिसले, की मागणीच्या वाक्यात अमेरिकन लेखक हे मूळ रूप सर्रास वापरतात, तर ब्रिटिश लेखक त्या जागी बहुधा ‘शुड’ घालतात. विसाव्या शतकात अमेरिकेत या प्रयोगाने पुन्हा जोर धरला आणि ब्रिटनमध्येही तो परतू लागला. अमेरिकन पुस्तके आपल्याकडे मोठ्या प्रमाणात भाषांतरित होतात. म्हणून ‘शुड’चा आधार नसलेले हे उघडे रूप आपल्यापुढे वारंवार येणार, हे धरून चालले पाहिजे.

आणि परदेशी पुस्तकांपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या संसदेचा कोणताही अधिनियम इंग्रजीत उघडून पाहा. आरंभी ‘बी इट एनॅक्टेड बाय पार्लमेंट’ हे शब्द दिसतील. २०२३ सालच्या भारतीय न्याय संहितेचाही आरंभ याच शब्दांनी, प्रजासत्ताकाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षाचा उल्लेख करून, झाला आहे. हा साचा ब्रिटिश संसदेकडून आला, आणि अमेरिकेच्या काँग्रेसनेही तो ठेवला आहे. यातील ‘बी’ म्हणजे हाच सब्जंक्टिव्ह. कायदा झाला, अशी ही बातमी नव्हे. कायदा होवो, असे ते विधिमंडळाचे वचन आहे, आणि त्या वचनानेच कायद्याला अस्तित्व येते. हिंदी पाठात ‘यह अधिनियमित हो’ असे म्हटलेले असते. म्हणजे तेथे मूळचा अर्थ जपला आहे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या अधिनियमांत मात्र इंग्रजीतच ‘इट इज हियरबाय एनॅक्टेड’ अशी शब्दयोजना असते. हा स्वार्थ आहे, आणि मराठी पाठातही ‘करण्यात येत आहे’ असेच म्हटलेले असते. कायदा म्हणून दोहोंचे बळ सारखेच आहे. पण एक विधिमंडळ ‘होवो’ म्हणते आणि दुसरे ‘होत आहे’ म्हणते, हे भाषांतरकाराने पाहिले पाहिजे आणि जेथे जे आहे तेथे ते ठेवले पाहिजे.

एवंच, अशा वाक्यापुढे आल्यावर मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. पहिला : ही गोष्ट घडली आहे, असे लेखक म्हणतो काय? दुसरा : नसेल, तर ती घडावी अशी कोणाची तरी इच्छा आहे, की ती केवळ कल्पिली आहे? तिसरा : इच्छा असेल तर ती कोणाची, आणि ज्याच्याकडून अपेक्षा आहे त्याच्यावर तिचा अधिकार किती? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की ‘आवे’, ‘ओ’, ‘ता तर’, ‘असता तर’ आणि ‘पाहिजे’ यांपैकी योग्य रूप मराठी कान आपण होऊन पुढे करतो. उत्तरे मिळण्याआधीच वाक्य लिहावयास घेतले, तर मात्र कान फसतो.

भाषांतरित पुस्तके वाचणाऱ्यांनाही माझे एक सांगणे आहे. ‘अशी मागणी केली’, ‘असे सुचविले’, ‘आग्रह धरला’ हे शब्द जेथे येतील, तेथे क्षणभर थांबावे आणि पुढचे क्रियापद ‘झाले’ आहे की ‘व्हावे’ आहे, हे पाहावे. ते संदिग्ध असेल, तर दोष आपल्या आकलनाचा न मानता भाषांतरकाराला किंवा प्रकाशकाला अवश्य लिहावे. पुढील आवृत्तीत ते वाक्य सुधारता येते. आणि त्या पुस्तकाच्या आधाराने कोणी पुढे काही लिहिणार असेल, तर त्याच्या हाती निदान खरी हकीकत पडते.